ताडपत्रीच्या आतला पाऊस

फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारी निघते आणि नेमकं तेव्हाच आभाळ भरून येतं. मग घाईघाईनं कडब्याची गंजी रचायची, वर नवीकोरी ताडपत्री टाकायची, कडा दगडांनी दाबायच्या. पंधरा दिवसांनी उघडावी तर वरच्या पेंढ्या काळ्या आणि कुबट. ताडपत्रीला कुठं भोक नाही. मग पाणी शिरलं कुठून?

शिरलं नाही, आतच होतं. गरम पोळ्या डब्यात घालून घट्ट झाकण लावून बघा. दहा मिनिटांत झाकणाला आतून थेंब धरतात आणि सगळ्यात वरची पोळी गिचगिचीत होते. म्हणून तर घरोघरी पोळ्या फडक्यात गुंडाळतात.

पण कडबा तापतो कशानं? पानं खडखडीत वाळली तरी ताटाच्या पेरांत ओल टिकून असते. ओलावा साधारण वीस टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी आणि जिवाणू त्यातल्या साखरेवर तुटून पडतात. गंमत म्हणजे, 100 ग्रॅम ग्लुकोज पूर्ण जळालं की 60 ग्रॅम पाणी नव्यानं तयार होतं! कडबा गोधडीसारखा ऊब धरून ठेवतो. वाफ वर चढते, रात्री गार पडलेल्या ताडपत्रीला लागते आणि थेंब होऊन खाली गळते. ताडपत्री कितीही जाड घेतली तरी हा पाऊस थांबत नाही. तिच्याखाली हवा खेळायला फट लागते.

या तापण्यामागे जीव आहेत की नुसतं रसायन, याचा छडा ह्यूगो मीहे या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं लावला. त्यानं ओलं गवत निर्जंतुक केलं, ते तापलं नाही. त्यात पुन्हा जंतू सोडले, तापलं. झालं! 1907 साली त्यानं यावर अख्खं पुस्तक लिहिलं, पन्नास अंशांतही मजेत वाढणाऱ्या बुरशींची ओळख करून दिली. आज उष्णताप्रेमी जीव म्हटले की सगळे यलोस्टोनच्या उकळत्या झऱ्यांकडे धावतात. तिथल्या जिवाणूनं डीएनएच्या प्रती काढायचं पीसीआर तंत्र दिलं, मान्य. पण त्या जिवाणूचं वर्णन छापून आलं 1969 मध्ये. मीहेला तसलेच जीव त्याच्या साठ वर्षं आधी गवताच्या ढिगात भेटले होते, आणि त्याचं नाव कुणी घेत नाही.

सत्तर अंशांच्या पुढे बहुतेक जंतूही मरतात. तिथून पुढचा ताप निव्वळ रसायनाचा, आणि तो पेट घेईपर्यंत जाऊ शकतो. आतून वाफाळणारी गंजी एकदम उकलू नये ती यासाठीच, कारण हवा लागली की भडका.

राहिली जमीन. ती खालून ओल चढवते, म्हणून गंजीखाली दगड-लाकडांचा थर हवाच. यंत्रानं बांधलेले गोल गठ्ठेही मातीवर ठेवू नयेत. ‘वरवरचंच कुजलंय’ म्हणून सोडूनही देऊ नये. दीड मीटर व्यासाच्या गठ्ठ्याची बाहेरची फक्त 15 सेंटीमीटर साल धरली, तरी 36 टक्के चारा तिच्यातच असतो. नारळ सोलणाऱ्याला हे गणित सांगावं लागत नाही.