पाऊण किलोचे सव्वादोन किलो!

एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. मग एक लिटर पेट्रोलचं? तेवढंच? छे! पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असतं. ते भरतं जेमतेम पाऊण किलो. पण ते जाळलं की सायलेन्सरमधून जो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्याचं वजन भरतं सव्वादोन किलोंहून जास्त. पाऊण किलो आत आणि सव्वादोन किलो बाहेर? इंजिनात जादूगार बसलाय की काय?

जादूगार नाही, चोरटा पाहुणा आहे. त्याचं नाव ऑक्सिजन! इंजिन पेट्रोलसोबत भरपूर हवाही आत ओढतं. पेट्रोलमधला दर तीन ग्रॅम कार्बन जळताना हवेतला आठ ग्रॅम ऑक्सिजन पकडतो आणि दोघांचा मिळून अकरा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. वाढलेलं वजन हवेतून आलेलं, आपण पंपावर त्याचे पैसे दिलेलेच नसतात! पेट्रोलमध्ये हायड्रोजनही असतो, त्याचं होतं पाणी. थंडीत सकाळी गाडी सुरू केल्यावर सायलेन्सरच्या तोंडाशी थेंब जमलेले दिसतात ना? ते हेच. कार्बन डायऑक्साइड मात्र दिसत नाही, म्हणून आपण बिनधास्त असतो. पण तो वातावरणात साठत जातो आणि पृथ्वीची उष्णता अडवून धरतो.

आता एक हिशेब. शाळा दोन किलोमीटरवर आहे आणि बाबा कारनं सोडतात. तुझ्या फेऱ्या दोनच, पण कारच्या चार! सोडून रिकामी परत, न्यायला पुन्हा रिकामी. झाले आठ किलोमीटर. लिटरला पंधरा किलोमीटर धरले, तर अर्ध्या लिटरहून थोडं जास्त पेट्रोल जळलं, म्हणजे रोजचा सुमारे सव्वा किलो कार्बन डायऑक्साइड. त्यातून इंजिन थंड असताना पेट्रोल जास्तच लागतं, त्यामुळे छोटी फेरी किलोमीटरमागे महागच पडते.

एसटी तर लिटरभर डिझेलमध्ये चार-पाच किलोमीटरच जाते. खादाडच म्हणायची! पण आत चाळीस जण बसलेत, प्रत्येकाच्या वाट्याला कितीसं येणार? आणि सायकल? ती चालते तुझ्या डब्यातल्या पोळीभाजीवर.

तुझी शाळा किती लांब आहे? आज घरी पेन्सिल घेऊन बस, कारच्या चारही फेऱ्या मोज आणि आलेला आकडा बाबांना दाखव.