परातीत फिरणारी होडी

जत्रेत खेळणी विकणाऱ्यांपैकी पुंगीवाला पुंगी वाजवतो, भिरभिरेवाला वाऱ्याच्या रोखाने काठी धरतो, आणि पत्र्याची होडी विकणारा मात्र पाण्याने भरलेली परात समोर ठेवून बहुधा गप्प बसतो. कारण त्याच्या वतीने बोलण्याचे काम होडीच करत असते. वीतभराहून लहान अशा या होडीच्या पोटात पातळ पत्र्याची चपटी डबी असते, तिच्यातून निघालेल्या दोन बारीक नळ्या मागच्या बाजूला पाण्याखाली उघडतात, आणि डबीखाली तेलाची वात किंवा मेणबत्तीचा तुकडा जळत असतो. डबीतल्या पाण्याची वाफ झाली की ती नळ्यांतले पाणी मागे ढकलते, वाफ निवली की नळ्या पुन्हा पाणी ओढून घेतात, आणि ही ये-जा भराभर चालत राहिल्याने डबीचा पत्रा फटफट वाजू लागतो. बाहेर पडणारे पाणी झोतासारखे एकाच दिशेला जाते, आत येणारे मात्र चहूबाजूंनी गोळा होते. या फरकामुळेच होडी पुढे सरकते. थॉमस पियो याने ब्रिटनमध्ये अशा होडीचे पेटंट १८९१ साली मागितले होते, म्हणजे हे खेळणे सव्वाशे वर्षांहून जुने आहे. तरीही परातीभोवतीचे कडे आजही जमते.

त्या कड्यात पुढे असते ते मूल, आणि ते होडी विकत घेण्यासाठी थांबलेले नसते. होडी कशाच्या जोरावर चालली आहे, एवढेच त्याला दिसत नसते आणि ते पाहायचे असते. रेने देकार्त याने १६४९ साली प्रसिद्ध झालेल्या मनोविकारांवरील ग्रंथात विस्मयाला सर्व विकारांत पहिले स्थान दिले, कारण एखादी गोष्ट आपल्या हिताची आहे की नाही हे ठरण्यापूर्वीच विस्मय जागा होतो. विपणनाचा, म्हणजे ग्राहक हेरून त्याच्यापर्यंत वस्तू पोहोचवण्याच्या व्यवहाराचा, रिवाज नेमका उलटा आहे: वस्तूचे फायदे आधी मोजून दाखवायचे, आणि तिच्याकडे नीट पाहायला कोणालाच सवड द्यायची नाही. जाहिरातीचे पुष्कळसे लेखन कोणी न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देत बसते, ते यामुळेच.

भारतीय काव्यशास्त्राने विस्मय हा अद्भुत रसाचा स्थायीभाव, म्हणजे त्या रसाच्या मुळाशी असलेला टिकाऊ भाव, मानला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात त्याचे अनुभाव, म्हणजे अंगावर उमटणारी चिन्हे, सांगितली आहेत. त्यांत डोळे विस्फारणे, पापणी न लवता पाहणे आणि रोमांच यांच्याबरोबर वाहवा करणे आणि दान देणे हीही येतात. विक्रेत्यांनी या शेवटच्या चिन्हावर फार हुरळून जाऊ नये, कारण त्या यादीत दानाचा क्रम डोळ्यांच्या बराच मागे लागतो.

विस्मयाचाच सख्खा शेजारी असलेल्या कुतूहलाविषयी जॉर्ज लोवेनस्टाइन या अमेरिकन अभ्यासकाने १९९४ साली अशी मांडणी केली की, आपल्याला जे ठाऊक आहे आणि जे ठाऊक करून घ्यावेसे वाटते त्यांतील अंतराची जाणीव झाली की कुतूहल टोचू लागते. या विचाराचा सर्वांत स्वस्त वापर म्हणजे अर्धवट सोडलेले मथळे. त्यांत अंतर मुद्दाम निर्माण केलेले असते आणि ते भरून निघेल असे पलीकडे फारसे काहीच नसते, त्यामुळे वाचणारा एकदा फसतो आणि पुढच्या वेळी सावध होतो. चित्रांत गडद रंग भरून किंवा वस्तूला डोळे-तोंड काढूनही बालसुलभता येत नाही. ती मोठ्यांनी केलेली बाळपणाची नक्कल ठरते, आणि मुले ती चटकन ओळखतात.

होडीवाला याच्या उलट काहीच लपवत नाही. मुलाने विचारले की तो होडी पाण्यातून उचलून पालथी करतो, नळ्या दाखवतो, त्यांत थेंब थेंब पाणी भरून दाखवतो आणि पुष्कळदा ते काम मुलाच्याच हातात देतो. उलगडा झाल्यावर आकर्षण संपायला हवे, पण तसे होत नाही. आपण भरलेल्या पाण्याने होडी फटफटू लागली की मूल पहिल्यापेक्षा अधिक निरखून पाहते, आणि मागे उभे असलेले वडीलही वाकून बघू लागतात. किंमत साधारणपणे यानंतर विचारली जाते, आणि ती विचारण्याचे काम मुलाकडे नसून मोठ्यांकडे असते. मुलाच्या हट्टावर चालणारा हा व्यापार सर्वस्वी निर्मळ आहे असे म्हणता येणार नाही. तरीही चालती वस्तू हीच इथे जाहिरात असल्याने खोटे बोलायला जागा मात्र थोडी उरते.

शिवाय होडीवाला स्वतःही परातीत पाहत असतो. वात मंदावली की ती पुढे सारणे, काठाला अडकलेली होडी बोटाने वळवणे, पाणी तापले की बदलणे या कामांत त्याची नजर गिऱ्हाइकाच्या खिशावर नसते, आणि कड्यात उभ्या असलेल्यांची नजर त्याच्या नजरेमागून जाते. मोठ्या दुकानांत वस्तू काचेआड ठेवून माणूस गिऱ्हाइकाकडे तोंड करून उभा केलेला असतो. तिथे दोघांनी मिळून पाहावे असे मध्ये काही उरतच नाही.

घरी नेलेली होडी बहुधा पहिल्या दिवशी चालत नाही, कारण नळ्यांत पाणी भरायचे राहून गेलेले असते. जत्रा एकाहून अधिक दिवसांची असेल तर मूल ती घेऊन परत येते. होडीवाला ती तिरपी धरून नळ्यांत थेंब सोडतो, वात पेटवतो आणि परातीत सोडून देतो. या दुरुस्तीचे पैसे तो मागत नाही, आणि तेवढ्यात कडे पुन्हा जमलेले असते.