सूज दोन्हीकडे सारखी नसते

बाळंतपणानंतर जुन्या लुगड्याच्या पट्ट्याने पोट घट्ट बांधायची रीत आपल्याकडे घरोघरी आहे. पण दोन-तीन बाळंतपणांनी लोंबलेली कातडी आणि मधोमध फाकलेले स्नायू पट्ट्याने जागेवर येत नाहीत. त्यासाठी ‘टमी टक’ नावाची शस्त्रक्रिया आहे. अमेरिकेतील बाल्टिमोरचे स्त्रीरोगतज्ज्ञ हॉवर्ड केली यांनी १८९९ मध्ये अशी जादा कातडी-चरबी काढल्याची नोंद आहे. म्हणजे हे काही कालपरवाचे खूळ नव्हे.

जतसारख्या दुष्काळी तालुक्यातल्या माणसाला मोठ्या ऑपरेशनसाठी मिरज-सांगलीच गाठावी लागते. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले, तेव्हापासूनची ही वळणाची वाट! पण खरी काळजी सुरू होते ती घरी परतल्यावर. आरशात पाहावे तर डावी बाजू फुगलेली, उजवी सपाट. ऑपरेशन बिघडले की काय?

बहुधा तसे नसते. या शस्त्रक्रियेत ओटीपोटावर एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत छेद घेतात. कातडीखालचे पाणी वाहून नेणाऱ्या लसिकावाहिन्या त्यात तुटतात. ओढ्याला बांध घातल्यावर पाणी वरच्या अंगाला तुंबते, तशी सूज टाक्यांच्या वर साठते. नव्या वाटा दोन्ही बाजूंना एकाच वेगाने तयार होत नाहीत. त्यात एकाच कुशीवर झोपणे, पट्टा तिरका बसणे, दिवसभर उभे राहणे, पापड-लोणच्यातले मीठ यांची भर पडते. सकाळी कमी वाटणारी सूज संध्याकाळी वाढते. बरीचशी सूज सहा ते बारा आठवड्यांत ओसरते. पोटाचा खरा आकार कळायला वर्षही लागते. तोवर घरात हळूहळू चालावे. मात्र डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत पाण्याची घागर उचलू नये.

पण प्रत्येक सूज वाट पाहण्याजोगी नसते. एक बाजू अचानक फुगून ताठ झाली आणि दुखू लागली, तर आत रक्त साकळत असेल. दाबल्यावर पाण्याच्या पिशवीसारखे हलत असेल, तर द्रव साठला आहे. डॉक्टर तो सुईने काढतात. लाली, ताप किंवा पू दिसला तर जंतुसंसर्गाची शंका घ्यावी. एकच पोटरी सुजून दुखू लागली तर ती चोळू नये. शिरेत गुठळी असू शकते. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. दम लागला तर क्षणाचाही उशीर नको.

इथेच आपला संकोच आडवा येतो. ‘हौसेचं ऑपरेशन’ म्हणून लोक हसतील, या भीतीने बाई सासरी सांगत नाही, गावातल्या डॉक्टरांनाही दाखवत नाही. ऑपरेशन करणारा सर्जन तर दूर राहिला. म्हणून निघण्यापूर्वीच त्यांचा फोन नंबर आणि ऑपरेशनचा कागद मागून घ्यावा आणि घरातल्या निदान एका माणसाला सारे सांगून ठेवावे. सूज वेळ दिला की ओसरते. लपवलेले दुखणे मात्र आतल्या आत वाढत जाते.