गिझर, थंडी आणि वीजबिल

पुण्या-नाशिकच्या थंडीत खोली तापवायची वेळ क्वचितच येते. बिल फुगतं ते आंघोळीच्या पाण्यापायी!

हिशेब सोपा आहे. 15 लिटरचा, 2 किलोवॉटचा गिझर 18 अंशांचं पाणी 60 अंशांवर न्यायला साधारण 22 मिनिटं आणि पाऊण युनिट घेतो. बटण दिवसभर चालूच राहिलं, तर टाकीतली उष्णता बाहेर झिरपत राहते आणि थर्मोस्टॅट ती परत परत भरून काढतो. टाकीच्या गिझरवरचे स्टार नेमकी हीच गळती मोजतात. पाणी किती झटपट तापतं याच्याशी त्यांचा संबंध नाही.

म्हणून आंघोळीआधी वीस-पंचवीस मिनिटं बटण दाबा आणि सगळ्यांच्या आंघोळी लागोपाठ उरका. (घरात कॉलेजची पोरं असतील तर हेच सगळ्यात अवघड!) शॉवरपेक्षा बादली बरी. बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर क्षार साठतात, वर्षातून एकदा साफ करून घ्या, नाहीतर ती जळते.

महावितरणच्या घरगुती दरात 100 युनिटांपुढचं युनिट बरंच महाग पडतं. गिझरची उधळपट्टी बहुधा तिथंच जाऊन बसते.

तुमच्याकडे गिझर, सोलर की अजून बंबच? नक्की सांगा.