पाण्याखालचा सांधा किती चिकट हवा?

केदारखेडा गावावरून वाहणारी पूर्णा नदी पुढे येलदरीच्या धरणात अडते. अशा जलाशयात इंजिनाची फायबरची बोट सोडायची, तर इंजिन थंड ठेवण्यासाठी बहुधा तळातूनच पाणी आत घ्यावं लागतं. म्हणजे धडधाकट तळाला आपल्याच हातानं भोक पाडायचं, त्यात ब्राँझचा जोड बसवायचा (पितळेचा नको, पाण्यात, विशेषतः खाऱ्या पाण्यात, तिच्यातलं जस्त झिजतं) आणि भोवतालची फट बुजवायची. कशानं बुजवायची, तर बाजारातल्या सर्वांत चिवट सीलंटनं, असं सहज वाटतं. माझ्या मते निवड इथेच चुकते.

चुकते ती पाण्याच्या दाबाच्या धास्तीनं. अर्धा मीटर खोलीवर पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या जेमतेम विसाव्या भागाइतका असतो. जोडच निखळला तर 25 मिलिमीटरच्या भोकातून मिनिटाला सुमारे 55 लिटर पाणी आत येईल, हे खरं. पण जोड धरून ठेवणं हे आतल्या नटाचं काम आहे. सीलंटनं फक्त फट भरायची आणि भरलेली ठेवायची. त्या फटीला दाबापेक्षा हालचाल जास्त छळते. इंजिन थरथरतं, उन्हात ब्राँझ आणि फायबर कमीजास्त प्रसरतात. तळ लाकडी असेल तर तो पाणी पिऊन फुगतो आणि धरण आटल्यावर काठावर वाळून आकसतो. तिथे ताणून परत मूळ जागी येणारा रबरी थर टिकतो, कडक थराला चीर जाते.

याचा जुना दाखला फार लांबचा नाही. केदारखेड्याच्या उत्तरेला अजिंठ्याच्या लेण्यात पाचव्या शतकातलं जहाजाचं चित्र आहे. त्यावरून गोव्यात घडवलेलं ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ मे 2025 मध्ये नौदलात आलं. त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवल्या आहेत, सांध्यांत नारळाचा काथ्या, राळ आणि तेल आहे. लाटेबरोबर थोडं वाकणारं हे जहाज डिसेंबरमध्ये पोरबंदरहून मस्कतकडे निघालं.

यावर कोणी ‘म्हादेई’कडे बोट दाखवील. गोव्यातच बांधलेल्या त्या नौकेचं लाकूड इपॉक्सीनं घट्ट जोडलेलं होतं आणि तिच्यातून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. मुद्दा बिनतोड दिसतो, पण तिथे लाकडाला पाणीच पिऊ द्यायचं नव्हतं आणि पट्ट्या पुन्हा कधी सुट्या करायच्या नव्हत्या. तळातला जोड आणि त्याची झडप मात्र कधीतरी बदलावीच लागते. पॉलियुरेथेनसारखं अतिचिवट सीलंट लावलं असेल, तर जोड उपटताना तळाचा वरचा गुळगुळीत थरही सोलून निघतो.

सिलिकॉन लवचिक असतं, मग तेच का नको? त्याची पकड पाण्याखाली भरवशाची नाही, आणि एकदा लागलं की त्याचा अंश पृष्ठभागावर राहून पुढचा रंग वा सीलंट धरू देत नाही. न्हाणीघरात ते शोभतं. उरतं पॉलिसल्फाइड: विमानांच्या इंधनटाक्यांसाठी वापरलं जाणारं, सावकाश पक्कं होणारं, लाकूड आणि धातू दोन्हींना धरणारं आणि चिकाटीनं काढता येणारं. ब्राँझच्या जोडाला मी तेच सुचवीन. फक्त नट आवळताना सगळा लगदा बाहेर पिळून काढू नये, आत पातळ थर राहू द्यावा. जोड प्लॅस्टिकचा असेल, तर आधी डब्यावरची सूचना वाचावी. काही प्लॅस्टिकं पॉलिसल्फाइडनं ठिसूळ होऊन तडकतात, तिथे मध्यम पकडीचं पॉलियुरेथेन बरं.