रोबेर बादँतेर : फ्रान्समधून देहदंड हद्दपार करणारे कायदामंत्री

रोबेर बादँतेर यांचा जन्म ३० मार्च १९२८ रोजी पॅरिसमध्ये, बेसराबियातून आलेल्या ज्यू कुटुंबात झाला. फेब्रुवारी १९४३ मध्ये ल्योन शहरात गेस्टापो अधिकारी क्लाऊस बार्बी याच्या माणसांनी त्यांच्या वडिलांना पकडले. सोबिबोरच्या मृत्युछावणीतून ते परतले नाहीत. युद्धानंतर बादँतेर यांनी कायद्याचे शिक्षण घेतले आणि वकिली व अध्यापन सुरू केले.

देहदंडाविरुद्धच्या त्यांच्या लढ्याला एका पराभवाने धार आली. क्लेरव्हो तुरुंगात दोन ओलिसांची हत्या झाली होती. बादँतेर यांचे अशील रोजे बोंतें यांनी स्वतः कोणाला मारले नव्हते, हे त्र्वा शहरातील न्यायालयानेही मान्य केले. शिक्षा मात्र मृत्यूचीच दिली. २८ नोव्हेंबर १९७२ च्या पहाटे पॅरिसच्या सांते तुरुंगात काळ्या छताखाली उभ्या केलेल्या गिलोटिनवर बोंतें यांचा शिरच्छेद झाला. बादँतेर तेथे हजर होते. १९७७ मध्ये त्याच त्र्वात त्यांनी बालकाच्या खुनाचा आरोपी पात्रिक आंरी याची बाजू मांडली. सारा देश त्याच्या जिवावर उठलेला असताना त्यांनी युक्तिवादाचा सगळा रोख देहदंडावरच ठेवला. आंरीला जन्मठेप झाली.

जून १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रांस्वा मितेराँ यांनी त्यांना कायदामंत्री केले. बहुसंख्य जनता अजूनही देहदंडाच्या बाजूने होती. तरीही १७ सप्टेंबरला त्यांनी राष्ट्रीय सभेत विधेयक मांडले. दुसऱ्या दिवशी ते ३६३ विरुद्ध ११७ मतांनी मंजूर झाले. उजव्या विचारांच्या जाक शिराक यांनीही बाजूने मत दिले. विरोधकांचे बहुमत असलेल्या सिनेटनेही १६१ विरुद्ध १२६ मतांनी मान्यता दिली आणि ९ ऑक्टोबरला कायदा जारी झाला. १९८२ मध्ये समलैंगिकांविरुद्धचे उरलेसुरले भेदभावाचे फौजदारी कलम रद्द झाले. १९८५ मध्ये रस्ते अपघातग्रस्तांच्या भरपाईचा कायदा आला.

याच काळात, १९८३ मध्ये, बार्बीला बोलिव्हियातून फ्रान्समध्ये आणण्यात आले. १९८७ मध्ये त्याला जन्मठेप झाली. वडिलांना मृत्यूच्या दारी धाडणाऱ्याचाही जीव बादँतेर यांच्या कायद्याने राखला.

१९८६ ते १९९५ या काळात ते संविधान परिषदेचे अध्यक्ष, तर १९९५ ते २०११ सिनेटर होते. २००७ मध्ये, शिराक राष्ट्राध्यक्ष असताना, देहदंडावरील बंदी संविधानात समाविष्ट झाली. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी, वडिलांच्या अटकेला ८१ वर्षे झाली त्या दिवशी, बादँतेर यांचे निधन झाले. ९ ऑक्टोबर २०२५ रोजी, त्यांच्या कायद्याच्या वर्धापनदिनी, राष्ट्राने त्यांना पँथेऑनमध्ये मानाचे स्थान दिले. लोकमत विरोधात असतानाही लोकप्रतिनिधींनी विवेकाला स्मरून मत द्यावे, हा त्यांच्या कारकिर्दीचा धडा प्रत्येक लोकशाहीने गिरवावा असा आहे.