गाणे कोणाचे?

(एखादे गाणे फार आवडले की लोक ते आपल्या गळ्यात उतरवून घेतात. मग ते गावोगाव जाते, त्याच्या चाली बदलतात आणि कधी कधी ते लिहिणाराही विसरला जातो. प्रस्तुत पाठात अशाच एका मराठी गाण्याची हकीकत सांगितली आहे.)

दरवर्षी ज्येष्ठ-आषाढात देहूहून संत तुकाराम महाराजांची पालखी निघते. देहू गावाबाहेर अनगडशहा बाबांचा दर्गा आहे. तेथे पालखी थांबते व अभंग-आरती होते. पुढे पुणे, लोणी काळभोर, यवत, वरवंड अशी वाट चालत ती बारामतीला येते. काटेवाडीला मेंढ्या पालखीभोवती धावत फेर धरतात. बेलवाडी व इंदापूर येथे अश्वाचे रिंगण होते. सराटीला नीरा नदीत पादुकांना स्नान घातले जाते आणि मग पालखी अकलूजकडे जाते.

या साऱ्या वाटेवर टाळ, मृदंग आणि वीणा यांच्या साथीने अभंग चालू असतात. बारामती व इंदापूर तालुक्यांतील मुलांच्या कानांवर ते लहानपणापासून पडतात. त्यांतले कितीतरी तुकाराम महाराजांचे असतात. पण आपण ज्याला तुकारामांचा अभंग म्हणतो, तो खरोखर त्यांचाच आहे हे कसे ओळखावे?

याची एक सोपी खूण आहे. तुम्ही उर्दू गझल वाचता. गझलेच्या शेवटच्या शेराला मक्ता म्हणतात आणि त्यात शायर बहुधा आपले तखल्लुस गुंफतो. अभंगातही तसेच असते. शेवटच्या चरणात संत आपले नाव घालतात. त्याला नाममुद्रा म्हणतात. तुकारामांची मुद्रा ‘तुका म्हणे’ ही आहे, तर नामदेवांची ‘नामा म्हणे’. एकनाथांनी आपल्या नावाला गुरूंचे नाव जोडून ‘एका जनार्दनी’ अशी मुद्रा केली. छापखाने नव्हते तेव्हा अभंग तोंडी फिरत. कागद हरवला, फाटला किंवा भिजला, तरी गाणाऱ्याच्या तोंडी कवीचे नाव राहत असे. तुकारामांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या, तरी लोकांना अभंग पाठ होते, असे परंपरा सांगते. आज त्यांच्या गाथेत सुमारे साडेचार हजार अभंग आहेत.

आता आपल्या गाण्याकडे येऊ. त्याचे नाव ‘आधी बीज एकले’. बीज, त्यातून अंकुर, अंकुरातून रोप, रोपाचे झाड आणि एका बीजातून अगणित झाडे, अशी त्यातली कल्पना आहे. जगात रूपे अनेक दिसतात, पण मूळ एकच आहे, हा त्याचा अर्थ. भजनी मंडळांनी हे गाणे गायिले, शाळांतूनही ते म्हटले गेले आणि पुष्कळ लोकांनी ते तुकारामांचा अभंग म्हणूनच मनात जपले. कित्येक अभ्यासूंनी ते गाथेत शोधले, असे सांगतात. परंतु ते गाथेत सापडणे शक्यच नव्हते. कारण ते सतराव्या शतकातले नसून १९३६ सालचे आहे. ते एका चित्रपटासाठी लिहिलेले गीत आहे!

तो चित्रपट म्हणजे पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’. प्रभातची स्थापना १९२९ साली कोल्हापुरात झाली. १९३३ साली कंपनी पुण्याला आली. ‘संत तुकाराम’चे दिग्दर्शक दोघे होते. एक विष्णुपंत दामले आणि दुसरे शेख फत्तेलाल. फत्तेलाल मूळचे कोल्हापूरजवळच्या कागलचे. ते उत्तम चित्रकार व कलादिग्दर्शक होते. सारे त्यांना प्रेमाने ‘साहेबमामा’ म्हणत. देहूचे जुने घर, देऊळ, रस्ते, माणसांचे वेष यांचा पडद्यावरील खरेपणा फत्तेलाल यांच्या नजरेतून आला. तुकारामांचे जीवन एका हिंदू व एका मुसलमान कलावंताने मिळून पडद्यावर आणले, ही महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

तुकारामांची भूमिका विष्णुपंत पागनीस यांनी केली. पूर्वी ते नाटकांत स्त्रीभूमिका करीत. संगीत केशवराव भोळे यांचे होते. चित्रपटात तुकारामांचे अभंग होतेच, पण एका प्रसंगासाठी नवे गीत हवे होते. ते तरुण कवी शांताराम आठवले यांनी लिहिले. तेव्हा त्यांचे वय पंचविशीच्या आसपास होते. त्यांनी संतांची साधी भाषा व त्यांचे विचार इतके आत्मसात केले होते, आणि भोळे यांनी चालही अशी भजनी दिली, की ऐकणाऱ्याला जुने गाणे व नवे गाणे यांत फरक वाटेना. पागनिसांच्या भावपूर्ण गळ्याने उरलेसुरले अंतरही मिटवले.

चित्रपट मुंबईच्या सेंट्रल सिनेमात वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ साली इटलीतील व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवातही त्याचा गौरव झाला. चित्रपट पाहून व ऐकून लोकांनी गाणे उचलले. गाणे तोंडातोंडी फिरू लागले, पण चित्रपटाच्या सुरुवातीला पडद्यावर आलेली नावे काही गाण्याबरोबर फिरत नाहीत. पडद्यावर तुकाराम गात होते, म्हणून लोक म्हणाले, गाणे तुकारामांचे!

नीट पाहिले असते, तर खूण समोरच होती. या गीतात कोठेही ‘तुका म्हणे’ नाही. आठवल्यांनी तुकारामांची मुद्रा वापरली नाही. दुसऱ्याच्या नावाने काव्य खपवण्याचा त्यांचा हेतू नव्हता, हे यावरून दिसते. पण त्यांनी स्वतःचेही नाव गीतात घातले नाही. मुद्रा नसलेल्या या गाण्याला लोकांनी आपल्या मनाने मुद्रा देऊन टाकली.

यात एक मोठी गंमत आहे. याच चित्रपटात सालोमालो नावाचे पात्र आहे. तुकाराम साधेपणाने अभंग गातात. सालोमालो तोच अभंग देवळात ताना घेत नाटकी थाटात गातो आणि तो माझाच आहे असे सांगतो. म्हणजे चित्रपटात एक माणूस तुकारामांचे गाणे आपल्या नावावर घेतो आणि चित्रपटाबाहेर लोक दुसऱ्याचे गाणे तुकारामांच्या नावावर घालतात! सालोमालोने केली ती चोरी. लोकांनी केली ती प्रेमाने झालेली चूक. दोन्ही सारख्या नाहीत. पण दोन्हींत खऱ्या कवीचे नाव मात्र झाकले जाते.

मग जुने गाणे नव्या पद्धतीने गाऊच नये काय? तसे मुळीच नाही. बारामतीचेच उदाहरण घ्या. कवी मोरोपंत (१७२९–१७९४) बारामतीला राहत. त्यांनी रामायणाची एकच कथा १०८ प्रकारे रचली, अशी त्यांची ख्याती आहे. त्यांतील ‘निरोष्ठ रामायणा’त प, ब, म यांसारखे ओठ मिटून उच्चारायचे एकही अक्षर नाही. कथा जुनीच, पण रचना नवी. अभंगांचेही असेच आहे. तुकारामांचे अभंग श्रीनिवास खळे यांनी चाली लावून लता मंगेशकरांकडून गाऊन घेतले. भीमसेन जोशींनी संतांचे अभंग रागदारीच्या अंगाने मैफलीत गायिले. वारकरी तेच शब्द चालता चालता टाळाच्या ठेक्यावर म्हणतात. प्रत्येकाची चाल वेगळी, पण कोणी मूळ कवीचे नाव पुसत नाही. दुसऱ्याचे गाणे गाण्याची ही खरी रीत आहे.

शांताराम आठवले यांनी पुढे ‘रामशास्त्री’ या चित्रपटासाठी गीते लिहिली, चित्रपटांचे दिग्दर्शनही केले. तरी त्यांचे नाव अनेकांना ठाऊक नाही. आपले गीत तुकारामांचे वाटावे, यापेक्षा मोठी शाबासकी कवीला कोणती मिळणार? पण शाबासकी मिळाली म्हणून हक्क संपत नाही. ज्याने बी पेरले त्याचे नाव सावलीत बसणाऱ्यांनी विचारून ठेवावे. म्हणून विद्यार्थी मित्रांनो, आवडते गाणे जरूर गा, आपल्या चालीने गा. पण गाण्यापूर्वी एवढे सांगायला विसरू नका, की ते कोणी लिहिले, कोणी चाल दिली आणि पहिल्यांदा कोणी गायिले.

शब्दार्थ
रिंगण – गोल फेर. आत्मसात करणे – पूर्णपणे आपलेसे करणे. अगणित – मोजता न येणारे. थाट – डौल. ख्याती – प्रसिद्धी, शोहरत. रीत – पद्धत.

स्वाध्याय
१. अभंगातील नाममुद्रा व गझलेतील तखल्लुस यांत कोणते साम्य आहे?
२. ‘आधी बीज एकले’ हे गीत लोकांना तुकारामांचे का वाटले? तीन कारणे लिहा.
३. सालोमालोचे वागणे व लोकांची चूक यांत काय फरक आहे?
४. तुमच्या आवडत्या गीताचे कवी, संगीतकार व गायक कोण, ते शोधून पाच ओळी लिहा.